माळावरची पहिली राखण

भागीबायनं पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं. सावरखांडच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. लसींचा डबा खांद्याला लावून मी तासाभराचा चढ चढले, धापा टाकत माळावर पोचले, तर ही बाई बांधावर काठी आडवी धरून उभी. "कंचा गाव तुमचा?" मी म्हटलं, मी खालच्या उपकेंद्राची नवी सिस्टर. ती म्हणाली, "ते तुमचं काम झालं. मी गाव इचारलं." मग मी साताऱ्याकडच्या माझ्या गावाचं नाव सांगितलं. तिनं मान हलवली, काठी बाजूला केली आणि पाणी आणायला घरात गेली. मला अडवलं होतं हे मला तेव्हा कुठं कळलं.

गंमत अशी, की ज्या गावाची वेस ती एवढ्या तोऱ्यात राखत होती त्या गावात घर एकच होतं, तिचं स्वतःचं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर पेंढा, दोन म्हशी आणि एक कान तुटलेला कुत्रा. खाली सावरखांडात त्या जागेला 'भागीचा माळ' म्हणत आणि म्हणताना हसत. किन्हवलीच्या एसटीत बायका मला सांगायच्या, सिस्टर, वर जाताय ना, तिथल्या सरपंचबाईंना आमचा नमस्कार सांगा. मी भाबडेपणानं एकदा तो सांगितलाही. भागीबाय मशेरी लावत होती. बोट तोंडातून न काढता म्हणाली, "पोचला म्हनून सांगा."

ही गोष्ट नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली तेव्हाची. ती माळावर कशी गेली ते मला पुढं तुकड्यातुकड्यांनी कळलं. नवरा गेल्यावर दिरानं वाटणी केली. दीर म्हणजे कान्हूभाऊ, सावरखांडच्या गावकीचा म्होरक्या. उंच, कडक टोपीचा, आणि बोलायला इतका गोड, की त्याच्याशी भांडून आलेल्या माणसाला आपण भांडलो हे घरी गेल्यावर समजायचं. नदीकाठची भाताची खाचरं त्यानं स्वतःकडं ठेवली आणि वहिनीच्या वाट्याला माळावरची वरकस दिली. वरकस म्हणजे खडकाळ जमीन, नाचणी-वरईपुरती. भाताचं तिथं नाव काढायचं नाही. माळावर लोक गुरं चारायला आणि गवत कापायला जात, पण राहायला कोणी जात नसे. फार पूर्वी तिथं वस्ती होती आणि कसल्याशा साथीत ती एका पावसाळ्यात ओस पडली म्हणे. जोत्यांचे दगड अजून गवतात सापडायचे, त्यामुळं भुतांच्याही गोष्टी होत्याच.

कान्हूभाऊचा हिशेब सरळ होता. वहिनी गवत कापून आणेल आणि राहील आपल्याच पडवीत, आपल्याच शब्दाखाली. तिचा मुलगा रामा नुकताच आसनगावच्या एका कारखान्यात लागला होता आणि शहापूरला खोली घेऊन राहिला होता, म्हणजे तीही अडचण नव्हती. भागीबायनं वाटणीला एका शब्दानं विरोध केला नाही. अंगठा उठवला, दिवाळी होऊ दिली आणि एका सकाळी जातं डोक्यावर घेऊन म्हशींच्या मागं चालू लागली. भुतांची भीती नाही वाटली का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ती पन घर करूनच राह्यलेली मानसं. त्यांना सोबत झाली माजी."

तिचं हे जाणं लोकांना एका संतापलेल्या बाईचा झटका वाटला. तसं नव्हतं. त्याआधी तीन उन्हाळे गवताला जाताना तिनं माळ नुसता पाहून ठेवला होता. चैत्रात सगळा माळ पिवळा पडायचा, पण एका उंबराखाली हातभर गवत हिरवं राहायचं. तिथं तिनं खणलं. कमरेएवढं खणल्यावर ओल लागली, छातीएवढ्याला रचलेले दगड लागले, आणि मग पाणी. जुन्या लोकांचीच विहीर होती ती, बुजलेली. हे सांगताना भागीबाय जुन्या लोकांविषयी शेजाऱ्यांविषयी बोलावं तशी बोलायची.

ती ठेंगणी होती, सुकलेल्या लाकडासारखी, आणि तिला रिकाम्या हातानं चालता येत नसे. कुठूनही वर येताना वाटेतला एक दगड उचलायची आणि बांधावर आणून ठेवायची. वर येणाऱ्या प्रत्येकाला तोच नियम. "हात मोकळा कशाला आनला?" हे तिचं स्वागत. मी लसींचा डबा दाखवायचे, तर म्हणायची एका खांद्याला डबा आहे, हात दोन आहेत. गुरांचे डॉक्टर, जनगणनेचे मास्तर, चुकून वर आलेले गिर्यारोहक, सगळ्यांनी तिचा दगड वाहिला आहे. त्या बांधानं पावसात वाहून जाणारी माती अडवली, मातीचं खाचर झालं, आणि जिथं भाताचं नाव काढायचं नाही म्हणत तिथं तिसऱ्या पावसाळ्यात भात उभं राहिलं. त्या भाताची पहिली पेज तिनं मला पाजली. मी आयुष्यात बऱ्या चवीचं पुष्कळ खाल्लं आहे, पण ती पेज मला अजून आठवते.

पण त्या भाताच्या आधी राखेचं प्रकरण झालं, ते सांगितलंच पाहिजे. इकडं भातशेतीची सुरुवात राब भाजण्यानं होते. पाला, गवत, शेण यांचा थर जमिनीवर पसरून चैत्र-वैशाखात पेटवायचा, त्या राखेत भात पेरायचं, आणि पावसात रोपं वर आली की उपटून खाचरात लावायची. खाली नदीकाठी झाडांचा आडोसा असतो, घरकाम आटपून दुपारी पेटवलं तरी चालतं. भागीबायनं जन्मभर तसंच केलं होतं, म्हणून माळावरचा पहिला राबही तिनं दुपारीच पेटवला. माळावरून दुपारी वारा खाली उतरतो, हे तीन उन्हाळे पाहूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण ती गवत कापायची ते सकाळी.

त्याच दुपारी खाली कान्हूभाऊच्या मुलीचं, सुमनचं लग्न होतं. मी जेवायला होते. वरपक्ष उंबरमाळीकडचा. पहिली पंगत बसली, पांढऱ्याशुभ्र भातावर वरण पडायचं होतं, आणि वरून राख पडायला लागली. आधी कोणाला कळेना. मग मांडवावर, टोप्यांवर, नवरीच्या शालूवर, सगळीकडं. नवरदेवाच्या बापाच्या पानावरचा भात काळाकरडा झाला. राख पडलेलं लग्न, आता हे टिकायचं नाही, असं एक बाई मोठ्यानं म्हणाली आणि पंगत उठली. कान्हूभाऊचा गोड चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. तो दहा-बारा माणसं घेऊन काठ्यांसकट माळाकडं निघाला. व्याही पण निघाले. डोकी फुटतील म्हणून मलमपट्टीची पिशवी घेऊन मीही मागं.

वर गेलो तर भागीबाय राखेनं काळ्या झालेल्या तोंडानं मोकळ्या जमिनीकडं बघत उभी. राख सगळी उडून गेली होती, म्हणजे तिचं त्या वर्षीचं रोप गेलं होतं. पण माणसं बांधाशी आलेली दिसताच तिनं काठी उचलून आडवी धरली आणि सवयीनं विचारलं, कंचा गाव.

कान्हूभाऊ म्हणाला, "वैनी, तुजं माजं गाव एकच हाय. आज तू त्याची मान खाली घातलीस."

ती घरात गेली, कळशी आणि तांब्या घेऊन आली आणि आधी व्याह्यांना पाणी दिलं. वैशाखातली दुपार, तासाभराचा चढ, आणि राग. सगळ्यांना तहान लागलेली होती. व्याही एक तांब्या प्यायले, दुसरा मागून घेतला. मग बांधावर बसून शांतपणे म्हणाले, की आमच्या गावात या दिवसात डोक्यावरून पाणी आणायला बाया मैलभर जातात, आणि तेही गढूळ. हे पाणी कुठलं? भागीबायनं उंबर दाखवला. व्याही उठून विहिरीत डोकावले आणि बराच वेळ डोकावूनच राहिले. भांडायला आलेली माणसं एकेक करून पाणी प्यायली. पाणी पिऊन झाल्यावर भांडणाची सुरुवात कोणी करायची ते कोणालाच सुचेना. परत जाताना व्याह्यांनी कान्हूभाऊला सांगितलं, पंगत पुन्हा मांडा. भागीबाय मागून ओरडली, येताना एक दगड आणला नाहीत, जाताना तरी काठ्या ठेवून जा, कुंपणाला होतील.

दोन वर्षांनी सुमन, तिचा नवरा शंकर आणि तो म्हातारा सासरा माळावर राहायला आले. त्यांच्याकडं जमीन नव्हतीच, आणि पाणी म्हाताऱ्याच्या डोक्यातून जात नव्हतं. भागीबायनं त्यांना घराला जागा दिली आणि अर्धलीनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, कसायला एक तुकडा. कान्हूभाऊची लेक माहेरच्या शिवारात येऊन राहिली आणि तीसुद्धा काकीकडं, याचा त्याला काय राग आला असेल तो त्यानं गोड बोलून गिळला. मी सुमनच्या पहिल्या मुलीचं बाळंतपण माळावर केलं. कळा लवकर सुरू झाल्या, खाली उतरवायला वेळ नव्हता. भागीबाय दारात बसून होती. पोरगी रडली तसं तिनं कुडाला हात टेकला आणि म्हणाली, "झालं. आता मी एकटी नाय गावात." जन्माच्या ठिकाणी मी 'भागीचा माळ' लिहिलं. असं गाव यादीत नाही म्हणून तो कागद माझ्याकडं परत आला. मी तेच पुन्हा लिहून पाठवला. माझा स्वभावही तसा फार सरळ नाही.

नव्वदचं दशक सरेपर्यंत माळावर सात घरं झाली. खाली जागा न पुरलेले, भावकीत न पटलेले, असे एकेक जण वर आले. वाघबारशीला सगळे मिळून शिवेवरच्या वाघदेवाच्या दगडाला खीर दाखवायचे. प्रत्येक घर भागीबायच्या काठीपुढं गाव सांगून आत आलेलं होतं, आणि प्रत्येक घराचे दगड बांधात होते. कान्हूभाऊ मात्र वर आला, की तिच्या प्रश्नाला हसून एकच उत्तर द्यायचा, तुजाच गाव माजा, वैनी. ऐकणाऱ्याला माया वाटावी असं ते उत्तर होतं. त्याचा अर्थ असा होता, की माळ म्हणजे सावरखांडचीच वाडी, आणि गावकी माझी.

ही गावकी काय असते ते एका श्रावणात कळलं. सुमनचा सासरा, तोच पाण्याच्या प्रेमात पडलेला म्हातारा, माळावर वारला. गावकीचा नियम असा, की मढं खाली आणायचं, सावरखांडच्या मसणात. मध्ये ओढा. दोन दिवस पाऊस उघडला नव्हता आणि ओढ्याला हात लावायची सोय नव्हती. मी कान्हूभाऊ आणि गावकीबरोबर अलीकडच्या काठावर उभी होते. पलीकडं तिरडी घेऊन माळावरची माणसं, आणि सगळ्यांच्या पुढं भागीबाय, डोक्यावर इरलं. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. आम्ही नुसते एकमेकांकडं बघत होतो. वस्तीत मढं असलं की चूल पेटत नाही. सात घरं, त्यात पोरंबाळं, दोन दिवस चूल नाही. तिसऱ्या दिवशी पाणी कमरेवर आलं तेव्हा त्यांनी तिरडी ओढ्यात घातली. मध्यावर शंकरचा पाय घसरला आणि बापाचं मढं हातचं जाता जाता राहिलं.

अलीकडं आल्यावर भागीबाय भिजलेल्या लुगड्यानं कान्हूभाऊसमोर उभी राहिली. "भावजी, आमचं मढं या वढ्यात परत घालनार नाय मी. गाव त्यालाच म्हनायचं, ज्याचं मढं त्याच्या मातीत जळतं."

कान्हूभाऊनं तिला विरोध केला नाही, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला, मसण कर की वैनी, जागा तुझीच आहे. फक्त रीत विसरू नको. नव्या मसणात जो पहिला जातो त्याला राखणीला बसावं लागतं. दुसरा येईपर्यंत त्याला सुटका नाही, पुढचा रस्ता नाही. मग तो वर्षभरानं येवो की वीस वर्षांनी. आणि ज्याचा जीव ज्या शिवेत गेला, त्याची लाकडं त्याच शिवेत, तिथंच जाळायचं, हेही आहेच.

त्यानं हे अगदी मायेनं सांगितलं आणि माळाचं मसण तिथंच अडवलं. आपल्या आईबापाला पहिल्या राखणीला कोण बसवणार? भागीबायनं तरीही जागा निवडली. राखेचा धडा ती विसरलेली नव्हती. वर्षभर, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, ती माळाच्या कडेकडेनं फिरायची आणि मुठीत भाताचं तूस घेऊन उडवायची. कुठल्या जागेवरून ते कधीच खाली सावरखांडाकडं जात नाही हे तिनं पाहिलं. मुरबाडकडच्या कडेला ती जागा मिळाली. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाली, "कान्हूच्या ताटात मी एकदा राख घातली. परत कशाला घालू." मग तिथं दगडांची बैठक रचली. पुढच्या काही वर्षांत माळावर दोघं गेले आणि दोघांनाही घरच्यांनी खालीच नेलं. बैठकीवर गवत वाढलं. भागीबाय ते दर दिवाळीला कापायची. एकदा मला म्हणाली, की घाई कशाला, मी आहे ना. मी जन्मभर दुसरं काय केलं, राखणच केली.

तिचे पाय सुजायला लागले तेव्हा मला कळलं की काय येतंय. चढ तर सोडाच, उंबरापर्यंत जाताना तीनदा बसायची. रामानं येऊन तिला शहापूरला सरकारी दवाखान्यात भरती केलं. मुलगा चांगला होता, आईचे हाल त्याला बघवत नव्हते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय थकलंय, आता फार तर काही दिवस. मी खाटेजवळ गेले. भाताची झोडणी चालू होती ते दिवस, खिडकीतून तिला शेतं दिसत नव्हती, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून होती.

"खरं सांगा शिस्टर. किती?"

मी नोकरीत एवढं स्पष्ट कोणाला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं रामाला हाक मारली आणि म्हणाली, मला वर ने. रामा रडायला लागला. म्हणाला, आई, त्या चढावर तुझा जीव जाईल. ती म्हणाली, वर पोचल्यावर जाऊ दे की. इथं गेला तर इथंच जाळाल, आणि तिथल्या बैठकीवर मग जन्मभर गवतच. रामानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, घेऊन जाऊ, मी येते बरोबर. हे बरोबर केलं की चूक, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. पण पुन्हा प्रसंग आला तर मी तेच करीन.

जीप सावरखांडपर्यंत गेली. माळावरचे आठ जण झोळी घेऊन आलेले, शंकर पुढं. दोन बांबू, त्यात घोंगडी, आणि घोंगडीत ही एवढीशी बाई. वाट कान्हूभाऊच्या अंगणातून जाते. तो झोडणी सोडून उभा होता. कपडे भाताच्या तुसानं भरलेले. ऊन होतं खरं, दुपारचे बारा वाजत आलेले. तो पुढं आला आणि त्याच गोड आवाजात म्हणाला, "वैनी, पडवीत टेक जरा. ऊन उतरू दे. आपलंच घर हाय."

मी नाडी धरून चालत होते. बोटाखाली काही लागतंय की नाही अशी ती झाली होती. पडवीत सावली होती, थंडगार. उचलणारे थांबलेच. कान्हूभाऊच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. माया होती, एवढं नक्की. दुसरंही असेल.

भागीबायनं डोळे उघडले. "हितं टेकले तर उठनार नाय मी, भावजी. तुला ठाव हाय." मग शंकरला, "उचल."

अर्ध्या चढावर तिनं झोळी थांबवायला लावली. मला वाटलं संपलं. ती वाटेच्या कडेला बोट दाखवत होती. शंकरला पटकन कळलं. त्यानं मुठीएवढा एक दगड उचलून तिच्या हातात दिला. तो तिनं पोटावर धरला, दोन्ही हातांनी, आणि मग चला म्हणाली. आठ माणसं रडत होती आणि चढत होती. वाघदेवाच्या दगडापाशी शीव ओलांडली तेव्हा सुमन सगळ्या बायका घेऊन उभी होती. म्हातारीनं मान वळवून मागच्या वाटेकडं पाहिलं आणि हसली. मशेरीनं काळे झालेले ते दात दाखवून, चांगलं मोकळं हसली. जिंकलेलं माणूस हसतं तसं.

त्यानंतर ती एक दिवस जगली. पडवीत, बांध दिसेल अशी तिची खाट टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली निघाले, संध्याकाळी परत येते म्हटलं. तिनं माझा हात धरला.

"कंचा गाव तुमचा, शिस्टर?"

मी म्हटलं, हाच. ती माझ्याकडं बघत राहिली. खोटं बोलणाऱ्याला ती सोडत नसे. मग विचारलं, की दगड किती आणले असतील आजपर्यंत? मी म्हटलं, मोजले नाहीत, बाय. तेव्हा ती म्हणाली, "मंग हाच." आणि हात सोडला. मी तिला पाहिलं ते शेवटचं. उपकेंद्राचं दार उघडते न उघडते तोच माळावरून निरोप आला.

दुपारी मी पुन्हा वर गेले. माळावरची माणसं तयार होती, बैठकीवरचं गवत सुमननं सकाळीच कापलं होतं. पण सगळे थांबले होते. सावरखांडची गावकी येते की नाही, आली तर काय म्हणते. इकडं मयताला येणारा प्रत्येक घरचा माणूस एक लाकूड घेऊन येतो. लाकूड आणलं म्हणजे आपण आलो. तासाभरानं चढावर माणसं दिसली, एकामागं एक, वीस-पंचवीस, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर लाकूड. सगळ्यात पुढं कान्हूभाऊ. सत्तरीचा माणूस, खांद्यावर आंब्याचा जड ओंडका, टोपी घामानं ओली.

बांधाशी सुमन उभी होती. तिच्या हातात काकीची काठी होती. ती तिनं आडवी धरली आणि बापाला विचारलं, "कंचा गाव?"

कान्हूभाऊनं लेकीकडं पाहिलं, मग पलीकडं पडवीत झाकून ठेवलेल्या वहिनीकडं. ओंडका खांद्यावरून उतरवला नाही. त्याचा तो गोड आवाज कुठं गेला कोण जाणे, खरखरीत आवाजात म्हणाला, "सावरखांड."

एवढंच. पंधरा वर्षांत जे उत्तर त्यानं दिलं नव्हतं ते दिलं. सावरखांडची माणसं दुसऱ्या गावच्या मयताला आली होती. सुमननं काठी बाजूला केली. मला हुंदका फुटला. दुःखाचा होता की कसला ते मी सांगत बसत नाही. त्या माळावर त्या दुपारी जो कोणी होता, त्याची मान ताठ होती.

भागीबायला मुरबाडकडच्या कडेला दगडांच्या बैठकीवर ठेवलं. रामानं अग्नी दिला. कान्हूभाऊ धूर कुठं जातो ते बघत होता, आम्ही सगळेच बघत होतो. धूर वर उठला, जरा रेंगाळला, आणि सरळ मुरबाडच्या बाजूला गेला. सावरखांडात एक कण पडला नाही. "वारा बरोब्बर बघितलास गो वैनी," कान्हूभाऊ म्हणाला. मग तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला. मृत्यूच्या ठिकाणी मी 'भागीचा माळ' लिहिलं. तो कागद परत आला नाही.

त्यानंतर माळावर बरेच दिवस कोणी वारलं नाही. देवाची कृपा म्हणायची, पण लोक मुरबाडच्या कडेकडून जाताना थांबायचे आणि दोन शब्द बोलून पुढं जायचे. राखण चालू होती. कोणी नवी भाजी काढली की त्यातली जुडी बैठकीशी ठेवायचे. पोरांना सांगायचे, काकी बसली आहे, दंगा करू नका. तोवर माळावर बारा घरं झाली होती.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला मी चढत होते तर अर्ध्या वाटेत कान्हूभाऊ एका खडकावर बसलेला. बराच थकला होता, श्वास पुरत नव्हता. मी रागावले, या वयात एकट्यानं चढायचं कशाला. तो म्हणाला, की सुमनला सांगायला चाललोय, तुमीही ऐकून ठेवा. "माजी घटका जवळ आली की मना वर न्या. जीव तिथंच जाऊ दे. वैनीला एकटीला किती वरसं राखनीला बसवायची."

तो काठी टेकत उठला आणि चालू लागला. मी मागून. त्याच्या दुसऱ्या हातात काहीतरी होतं, ते मला वर पोचल्यावर दिसलं. बांधावर सुमन उभी होती, काठी आडवी धरून, आणि तिनं नेहमीसारखं गाव विचारलं. कान्हूभाऊनं हातातला दगड तिला दाखवला आणि वाकून बांधावर नीट बसवला. तिनं काठी बाजूला केली.